पदवीचे दुकान आणि नोकरीचे दार

(वरळी कोळीवाड्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी घेतलेला प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तितके साधे नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या एखाद्या कंपनीमार्फत, घरबसल्या, मोबाइलच्या पडद्यावर शिकून मिळवलेली पदवी तरुणाला नोकरीच्या दारापर्यंत नेते काय? अशा पदव्यांच्या जाहिराती मोबाइल उघडताच समोर येतात. त्यांत फीच्या हप्त्यांची सोय असते, सुटाबुटातील हसरे तरुण असतात आणि ‘नोकरीसाठी साहाय्य’ असे शब्द असतात. ज्या घराने आजवर महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही, त्या घराला हे शब्द सर्वांत अधिक खरे वाटतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही. तो कष्टकऱ्यांच्या चळवळीचा प्रश्न आहे.

कोळीवाड्यातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. हे कोणा एका कुटुंबाचे वर्णन नव्हे. पण असे घर इथे कोणालाही अनोळखी वाटणार नाही. बाप होडीवर दर्यात जातो. आई पहाटे ससून डॉकवरून मासळी आणून बाजारात बसते. मुलगी नुकतीच बारावी झाली आहे. निकाल लागतो मे महिन्यात, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पावसाळी मासेमारीबंदी असते. होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि घरात येणारा पैसा आटलेला असतो. महाविद्यालयीन प्रवेशांचे दिवसही नेमके हेच. अशा वेळी फोन येतो. बोलणारा स्वतःला ‘समुपदेशक’ म्हणवतो. फी एकदम भरावी लागणार नाही, महिन्याला हप्ता पडेल, तीन वर्षांत पदवी मिळेल आणि पुढे मोठमोठ्या कंपन्यांशी गाठ घालून दिली जाईल, असे तो सांगतो. आई एकच प्रश्न विचारते, ‘पोरीला नोकरी लागेल ना?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळत नाही आणि ‘नाही’ असेही मिळत नाही. मिळते ते ‘साहाय्या’चे आश्वासन. हमी आणि साहाय्य या दोन शब्दांतील अंतर त्या घराला तीन वर्षांनी कळते. तोवर हप्ते मात्र बिनचूक कापले गेलेले असतात.

कोळ्याच्या पोरांना नोकरीचा हा ध्यास का लागावा, असे काही जण विचारतात. त्यांनी या बंदराचा अलीकडचा इतिहास पाहावा. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू कोळीवाड्यासमोरच्या पाण्यातून गेला. पुढे सागरी किनारा रस्ता आला. त्याच्या खांबांमध्ये ६० मीटरच अंतर राहिले तर होड्यांना ये-जा करणे धोक्याचे होईल, असे सांगत क्लीव्हलँड बंदरातील मच्छीमारांना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे २०२२ च्या अखेरीस ते अंतर १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. दर्या असा हळूहळू अरुंद होत गेला. दुसरीकडे, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरणीच्या फाटकावर बदली कामगार म्हणून उभे राहण्यासाठी पदवी लागत नसे. ओळखीच्या माणसाचा शब्द आणि हाताचे कसब पुरत असे. त्याच परळ-वरळीत आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या फाटकावर पदवीचा कागद आधी मागितला जातो. घरोघरी शिक्षण विकणाऱ्या देशातील एका मोठ्या कंपनीचे कार्यालयही वरळीतच आहे. कामाचे जुने मार्ग बंद झाले आणि नव्या मार्गाच्या तोंडाशी कागदाचे नाके बसले. या परिस्थितीत मुलीने पदवीचा ध्यास घेतला तर त्यात हौस नाही, निकड आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या चर्चेत तीन निरनिराळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पदवी कायदेशीर आहे काय, हा पहिला. तिने अर्ज करण्याची पात्रता येते काय, हा दुसरा. तिने नोकरी मिळते काय, हा तिसरा. विकणारा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि ते तिसऱ्याचे उत्तर आहे असा समज ग्राहकाच्या मनात राहू देतो.

कायद्याची बाजू आधी पाहावी. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. कोणत्याही कंपनीला तो नाही. आयोगाने २०२० साली मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम केले. आयोगाची मान्यता घेऊन दिलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे त्या नियमांनी ठरवले. मात्र अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या यांसारखे विषय या पद्धतीने शिकवण्यास मनाई आहे, आणि विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम दुसऱ्याला चालवण्यास देणे हेही निषिद्ध आहे. तरीही कंपन्यांशी संगनमत करून असे अभ्यासक्रम चालवले जात असल्याचे दिसल्यावरून २०२२ च्या जानेवारीत आयोगाला जाहीर इशारा द्यावा लागला. त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांना सूचना दिली होती, की फीची रक्कम बँक खात्यातून आपोआप कापली जाईल अशा संमतीवर डोळे झाकून सही करू नये. शिक्षणासंबंधीच्या सरकारी सूचनेत सावकारीबाबतचा इशारा यावा, यातच व्यवहाराचे खरे स्वरूप उघड होते.

मान्यतेचा घोळ किती महागात पडतो याचा धडा सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात आहे. काही अभिमत विद्यापीठांनी तांत्रिक शिक्षण परिषदेच्या मान्यतेविना पत्राद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा देण्यास सांगितले. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्दच ठरल्या. फी घेणाऱ्या संस्थेची चूक होती. नोकरी, बढती आणि आयुष्यातील वर्षे पणाला लागली ती विद्यार्थ्यांची.

परंतु समजा, पदवीला पूर्ण मान्यता आहे. मग तिने पात्रता येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसता येते, बँकेच्या परीक्षेला बसता येते. ही गोष्ट लहान नाही. पण पात्रता म्हणजे रांगेत उभे राहण्याचा हक्क. रांगेच्या टोकाला किती जागा आहेत हे त्यावरून कळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ साली देशातील तरुण पदवीधरांमधील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधील प्रमाण ३.४ टक्के. शिक्षण व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल त्या मजुरीवर जातो. पदवीधर मात्र पदवीला साजेशा कामाची वाट पाहतो. पण पदव्या वाढल्या त्या वेगाने तसे काम वाढले नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

जागा थोड्या आणि पदवीधर पुष्कळ, अशी स्थिती असली की मालक काय करतो? अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली या प्रश्नाची मांडणी केली. अर्ज करणाऱ्याचे खरे कसब मालकाला दिसत नाही. म्हणून तो खुणेवर विसंबतो, आणि पदवी ही अशी एक खूण आहे. खुणेला किंमत कधी असते? ती मिळवणे कसब नसलेल्याला अवघड असते तेव्हा. जी खूण हप्ते भरणाऱ्या प्रत्येकाला मिळते, ती कसबाची खूण राहत नाही; हप्ते भरल्याची पावती होते. हे मालकाला फार लवकर कळते आणि विद्यार्थ्याला फार उशिरा.

याचा पडताळा अमेरिकेत मिळाला आहे. तिथे नफ्यासाठी चालणारी महाविद्यालये कायद्याने चालतात, आणि ऑनलाइन शिक्षणाची मोठी लाट त्यांनीच आणली. डेव्हिड डेमिंग, क्लॉडिया गोल्डिन, लॉरेन्स कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी नोकरीच्या खऱ्या जाहिरातींना हजारो काल्पनिक अर्ज पाठवले. उमेदवाराची बाकीची माहिती सारखीच राखून पदवी देणारी संस्था तेवढी बदलली. व्यवसाय विषयाची पदवी नफेखोर ऑनलाइन संस्थेची असेल तर, साध्या सरकारी महाविद्यालयाच्या पदवीच्या मानाने, मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमी भरली. तुलना नामांकित विद्यापीठाशी नव्हती, सहज प्रवेश देणाऱ्या सामान्य सरकारी महाविद्यालयाशी होती, हे ध्यानात घ्यावे. या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. आरोग्यसेवेतील ज्या कामांना स्वतंत्र परवाना लागतो, तिथे हा फरक जवळजवळ दिसला नाही. परवान्याची परीक्षा बाहेरची यंत्रणा घेते. ती उत्तीर्ण झालेला उमेदवार कुठे शिकला याची मालकाला फिकीर राहत नाही.

ही गोष्ट मुंबईकराला परकी वाटू नये. गिरगाव, दादर, परळ या भागांत एके काळी टायपिंगचे क्लास गल्लोगल्ली होते. तेही खाजगीच होते आणि चालकाच्या नफ्यासाठीच चालत. तरीही त्या क्लासने मध्यम आणि कष्टकरी वर्गातील असंख्य मुलामुलींना नोकरी मिळवून दिली. हे कसे घडले? क्लासचा चालक शिकवत असे. परीक्षा मात्र सरकार घेई. मिनिटाला किती शब्द, किती चुका, हे तिऱ्हाइताने मोजलेले असे. आपल्या विद्यार्थ्याला स्वतःच उत्तीर्ण करून प्रमाणपत्र विकण्याची सोय चालकाला नव्हती. आणि त्या प्रमाणपत्राच्या पलीकडे खरीखुरी पदे होती: गिरण्यांच्या कचेऱ्यांत, बँकांत, विमा कंपन्यांत, सचिवालयात. आजही लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागितला जातो. म्हणजे शिक्षणातून नोकरी मिळण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: हाताला खरे कसब, त्या कसबाची सार्वजनिक तपासणी आणि भरली जाणारी पदे. ऑनलाइन पदवीच्या व्यापारात या तिन्हींपैकी एकीचीही जबाबदारी विकणाऱ्यावर नसते. त्याचे उत्पन्न प्रवेशावर चालते, नोकरीवर नव्हे. प्रवेश झाला की त्याचा व्यवहार पुरा झाला.

पैसा कुठे जातो हे पाहिले म्हणजे ही गोष्ट आणखी उघड होते. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ साली नफ्यावर चालणाऱ्या ३० शिक्षण कंपन्यांचे हिशेब तपासले. उत्पन्नातील २२.७ टक्के रक्कम जाहिरात आणि प्रवेशभरतीवर जात होती, १९.४ टक्के नफा होता आणि प्रत्यक्ष शिकवण्यावर १७.२ टक्के खर्च होत होते. शिकवण्यापेक्षा गिऱ्हाईक आणण्यावर अधिक खर्च करणाऱ्या धंद्याला शाळा म्हणता येत नाही. पुढे काय झाले तेही नोंदलेले आहे. कोरिंथियन या कंपनीची महाविद्यालये २०१५ साली बंद पडली, आणि २०२२ साली अमेरिकी सरकारला तिथल्या ५ लाख ६० हजार कर्जदार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. युनिव्हर्सिटी ऑफ फीनिक्स या संस्थेवर, मोठ्या कंपन्यांशी नोकऱ्यांसाठी संबंध असल्याचा आभास जाहिरातींतून निर्माण केल्याचा आरोप होता. ते प्रकरण २०१९ साली १९ कोटी १० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले. तिथे निदान हिशेब मागणारी समिती होती आणि कर्जमाफी देणारे सरकार होते. इथल्या मच्छीमाराच्या घराला यांतले काय उपलब्ध आहे?

भारतात शिक्षण हा नफ्याचा धंदा नाही, असे कायदा म्हणतो. टी. एम. ए. पै खटल्याच्या २००२ च्या निकालाने खाजगी संस्थांना वाजवी शिल्लक ठेवण्याची मुभा दिली, पण नफेखोरीला आणि देणग्यांना मनाई केली. तथापि महाराष्ट्राचा अनुभव असा, की मनाई कागदावर राहते आणि पैसा दुसऱ्या दाराने येतो. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. देणग्यांचा बाजार इतका माजला की १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला. त्या वेळी निदान इमारत, प्रयोगशाळा आणि पगारी प्राध्यापक दाखवावे तरी लागत. आता इमारतही लागत नाही. शिक्का विद्यापीठाचा, विक्री कंपनीची आणि कर्ज तिसऱ्याच वित्तसंस्थेचे, अशी वाटणी असते. तक्रार घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे तिघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. ज्याला दिवसा काम करावे लागते त्याने शिकायचेच नाही काय? शिकायचे तर आहेच. महाराष्ट्रातील पुरोगामी चळवळीने ही वाट फार पूर्वीच दाखवली आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वेळेत. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा दोष साधनाचा नाही. पडद्यावरून शिकवले म्हणून शिक्षण खोटे ठरत नाही आणि फळ्यावर शिकवले म्हणून खरे ठरत नाही. प्रश्न मालकीचा आणि तपासणीचा आहे.

शिवाय एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. जो आधीच नोकरीत आहे, ज्याचे काम मालकाने पाहिलेले आहे, त्याला अशी पदवी बढतीसाठी उपयोगी पडू शकते. तिथे कसबाची साक्ष अनुभव देतो आणि पदवी नियमाची अट पुरी करते. पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीपाशी मात्र तो अनुभव नसतो. तिला पदवीबरोबर शिक्षकाची ओळख, सोबत्यांची साथ, प्रयोगशाळेतील वा कार्यालयातील प्रत्यक्ष काम हवे असते. मार्च २०२० च्या अखेरीस महासाथीत हा कोळीवाडा बंद करण्यात आला, आणि त्यानंतर शाळाच मोबाइलवर आली. दोन भावंडांत एक मोबाइल असला म्हणजे शिक्षणाचे काय होते, हे तेव्हा अशा वस्त्यांनी अनुभवले. ज्याला सर्वांत कमी आधार आहे त्यालाच सर्वांत कमी आधाराचे शिक्षण विकायचे, ही या व्यवस्थेतील मोठी विषमता आहे.

तर मग कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले काम अगदी जवळचे आहे. जून-जुलैमध्ये, फोन येऊ लागण्याच्या दिवसांत, वस्तीत बसून सही करण्यापूर्वीचे प्रश्न घराघरांत पोहोचवावेत. पदवी नेमके कोणते विद्यापीठ देणार, आणि त्या अभ्यासक्रमाला या वर्षी आयोगाची मान्यता आहे काय? मान्यताप्राप्त संस्थांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो. ती कार्यकर्त्याने उघडून दाखवावी. सही फीच्या पावतीवर आहे की कर्जाच्या करारावर? शिक्षण मध्येच सोडले तर हप्ते थांबतात काय? मागील तुकडीतील किती जणांना, कोणत्या कामावर, किती पगाराची नोकरी लागली, हे लेखी मिळेल काय? तोच विषय मुक्त विद्यापीठात किती फीमध्ये शिकता येतो? समुपदेशक या प्रश्नांची लेखी उत्तरे देत नसेल, तर ते न देणे हेच उत्तर समजावे.

दुसरे काम मागण्यांचे आहे. शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यांत निषिद्ध आहेत. तोच नियम ऑनलाइन पदव्यांच्या प्रत्येक जाहिरातीला स्पष्टपणे लागू झाला पाहिजे. नोकरीचे आकडे स्वतंत्र लेखापरीक्षकाने तपासून प्रसिद्ध करण्याची सक्ती हवी. दर प्रवेशामागे दलाली देण्यास बंदी हवी. पदवीच्या अभ्यासातच वेतनासह उमेदवारीचे काम असावे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून पुस्तकात आहे, तो या मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे. आणि कोळीवाड्यासारख्या वस्तीत सरकारी मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र, संध्याकाळी उघडे राहणारी अभ्यासिका आणि तिथे बसणारा शिक्षक हवा. सागरी विषयांचे शिक्षणही याच शहरात आहे. वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था उभी आहे. होडीचे इंजिन, शीतगृह, मासळीवरील प्रक्रिया यांचे सार्वजनिक परीक्षेने तपासलेले शिक्षण कोळी मुलामुलींना का मिळू नये? वाडवडिलांचे दर्याचे ज्ञान त्यांना कमीपणाचे वाटू नये, आणि त्याच ज्ञानात त्यांना कोंडूनही ठेवू नये.

तिसरे काम सर्वांत मोठे आहे. कितीही चांगली पदवी पद निर्माण करीत नाही. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारातच सुमारे ९ लाख ७९ हजार पदे रिकामी होती, असे सरकारने संसदेत सांगितले होते. भरतीची दारे बंद ठेवायची आणि बेकार तरुणाला ‘तुझे कौशल्य कमी पडते, आणखी एक पदवी घे’ असे सांगायचे, हा सार्वजनिक धोरणाचा दोष व्यक्तीच्या माथी मारण्याचा प्रकार आहे. पदवीचा बाजार याच अपराधभावनेवर पोसला जातो. रोजगाराच्या हक्काची लढाई मागे पडली, की तिची जागा प्रमाणपत्रांचा व्यापार घेतो.

सुरुवातीला त्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. निव्वळ या पदवीने नोकरी लागणार नाही. मान्यता असेल तर अर्ज करता येईल; कसब असेल, त्याची साक्ष देणारी सार्वजनिक परीक्षा असेल आणि पद भरले जाणार असेल, तरच नोकरी लागेल. म्हणून कर्ज काढून घाईने सही करू नये; मुलीचे शिक्षण मात्र थांबवू नये. हे उत्तर जाहिरातीइतके गोड नाही. पण येत्या जूनमध्ये फोन वाजण्यापूर्वी ते त्या घरात पोहोचले पाहिजे, आणि ते पोहोचवण्याची जबाबदारी आज इथे बसलेल्या कार्यकर्त्यांची आहे.